एकाचा फरक माफ

१

दहाला पाच मिनिटे कमी असताना ती दारापाशी येई. चप्पल दाराबाहेर काढी, मोबाइल, घड्याळ आणि किल्ल्या पहारेकऱ्याच्या पेटीत ठेवी आणि दारावरच्या आकड्याकडे पाही. आकडा शून्य असे. ती आत शिरली की त्याचा एक होई, आतले दिवे लागत आणि दार मागून बंद होई. ती बाहेर पडली की पुन्हा शून्य होई आणि दिवे आपसूक विझत. आत माणूस आहे की नाही, हे त्या कचेरीत कोणी डोकावून पाहत नसे. आकडा सांगेल ते खरे.

पहारेकऱ्याला सगळे सुभेदार म्हणत. फौजेचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. मिशांवरून ते नाव पडले होते. तिचे नाव त्यानेच ‘उकलनीस बाई’ असे ठेवले होते. “पूर्वी चिटणीस होते, फडणीस होते, आता ह्या उकलनीस. आलेलं गाठोडं उकलायचं, बस,” तो म्हणे. ते वर्णन चुकीचे नव्हते, हे तिला मान्य होते.

कचेरीत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे कायमची जपून ठेवली जात. ती ठेवण्याचे यंत्र आतल्या खोलीत होते आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध एका तारेपुरताच होता. त्या तारेतून फक्त साधी अक्षरे जाऊ शकत. चित्र, आवाज, दुसरे काही नाही. म्हणून बाहेरच्या खोलीत तिच्या सहकारी अक्का बसत. त्या कमांड देऊन प्रत्येक छायाचित्राचे अक्षरांत रूपांतर करत, तीन बाइटांची चार अक्षरे ह्या हिशेबाने, आणि ती अर्थहीन दिसणारी रांग तारेतून आत सोडत. आतल्या खोलीत उकलनीस बाई उलटी कमांड देऊन त्या अक्षरांचे पुन्हा छायाचित्र करी. मग गेले किती बाइट आणि आले किती, हे दोघी ताडून पाहत. यादीतल्या प्रत्येक फायलीपुढे तिने ‘जुळले’ असे टंकले आणि यादी संपली, की सुभेदाराच्या टेबलावर घंटा वाजे आणि दाराची खिटी सुटे. एरवी ते दार आतून उघडत नसे.

२

तिला नोकरीला लागून चार महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात तिने अक्कांना विचारले होते, “अक्का, काल एका फायलीत एक बाइट जास्त आला. मी ‘जुळले नाही’ लिहू का?”

भिंतीवरच्या बोलण्याच्या डबीतून अक्कांचे हसू खरखरत आले होते. “अगं, लिहून तर बघ. आमच्या आधीच्या साहेबांनी नियमच करून ठेवलाय. एकाचा फरक माफ. एंटरची खूण चिकटून जाते गं कधीमधी शेवटी. हाताने मजकूर दिला की होतंच.”

ते खरे होते. ओळ संपवण्यासाठी एंटर दाबला की त्याचीही एक खूण असते, क्रमांक दहा. ती नकळत मजकुराला लागून जाते आणि कोणाचे काही बिघडवत नाही. हे काम करणारा प्रत्येक जण ही चूक कधी ना कधी करतो, आणि मग ती चूक आहे हेच विसरून जातो. कचेरीने ह्या चुकीची व्यवस्थाच लावली होती. जास्तीचा बाइट आपोआप कापला जाई. पण ही दप्तरे सांभाळणारी कचेरी असल्याने काहीही फेकायचे नाही असा दंडक होता, त्यामुळे कापलेला बाइट ‘उरलेले’ नावाच्या एका फायलीत, तारखेसह, जाऊन पडे. अकरा वर्षे असे चालले होते. ती फाइल कोणी उघडली नव्हती. दहा, दहा, दहा असे वाचायला कोण उघडणार?

३

त्या दिवशी तिने सकाळीच अक्कांना गळ घातली होती.

“आज बाराच फायली पाठवा अक्का. साडेतीनला मला सुटायलाच हवं. पाच वाजता बाबांना ऑपरेशनला आत घेणार आहेत.”

“हृदयाचंच ना?”

“हो. आणि सही माझीच लागते. धाकटीला अठरा पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत.”

“बाराच पाठवते. तू बिनघोर राहा,” अक्का म्हणाल्या. “आणि बाबा काय म्हणतात?”

“ते काय म्हणणार? डॉक्टरांनाच समजावून सांगत होते, टाके कसे घालायचे ते.”

अक्का मनमोकळे हसल्या. तिलाही हसू आले. आईच्या माघारी दोघी मुलींना वडिलांनी एकट्याने वाढवले होते. डॉक्टरांनी सही अगदी आयत्या वेळीच घेऊ असे सांगितले होते, कारण शेवटच्या तपासणीचे निष्कर्ष चारनंतर यायचे होते. रुग्णालय कचेरीपासून पंधरा मिनिटांवर होते. तिने दोनदा चालून वेळ मोजली होती.

पहिली फाइल आली. एक बाइट जास्त. तिने ‘जुळले’ लिहिले. दुसरी आली. एक जास्त. तिसरीतही एक.

एरवी असा जास्तीचा बाइट दोन दिवसांतून एकदा येई. एकाच सकाळी सलग तीन, हे तिच्या नजरेतून सुटले नाही. तिने डबीचे बटण दाबले. “अक्का, आज हाताने देताय का मजकूर?”

“नाही गं. थेट फाइलच देतेय. का?”

“काही नाही.”

थेट फाइल दिली तर एंटरची खूण चिकटायला जागाच नसते. तिने हे लिहून ठेवले, कारण जे पटत नाही ते आधी लिहून ठेवावे, निष्कर्ष मागाहून काढावा, अशी तिला शिस्त होती.

४

आठव्या फायलीपर्यंत आठही वेळा एक जास्त आला. नववी यायला वेळ होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. तिने ‘उरलेले’ उघडली.

थेट अक्षरांत नाही, आकड्यांत. दहाच्या रांगा दिसतील, आपली शंका मिटेल आणि आपण डबा खाऊ, एवढीच तिची अपेक्षा होती. पहिली ओळ अशी होती:

२२४ १६४ १७४ २२४ १६५ १२८

दहा एकही नव्हता.

हे आकडे ती ओळखत होती. आपल्या लिपीचे प्रत्येक चिन्ह यंत्रात तीन बाइट घेते, आणि त्या तिघांतला पहिला नेहमी २२४ असतो. पहिल्या तिघांचा झाला ‘म’. पुढच्या तिघांची झाली दीर्घ वेलांटी. मी.

तिने तारखा पाहिल्या. ह्या दोन चिन्हांचे सहा बाइट सहा वेगवेगळ्या फायलींतून, सहा वेगवेगळ्या दिवशी आले होते. पहिल्याला अकरा वर्षे झाली होती. कोणी एका बैठकीत लिहावे असे ते नव्हते. एकेका चिन्हाला आठवडा लागला होता.

तिने फाइल अक्षरांत उघडली. मजकूर पानभरही नव्हता.

मी आत आहे. खोली लहान आहे. दाराला आतून कडी नाही. खुर्च्या दोन आहेत.

तिच्या खोलीत खुर्ची एकच होती, जिच्यावर ती बसली होती. तिच्या समोर पडदा आणि पलीकडे दार; पाठीशी यंत्राचे उंच कपाट, आणि कपाट नि भिंत ह्यांच्यामध्ये हातभर बोळकांडी. तिथे गुंडाळलेल्या तारा ठेवल्या असतील असे ती धरून चालली होती. पाहिले कधी नव्हते.

पुढे खोलीचेच वर्णन होते, तेच ते, कंटाळलेल्या माणसाने भिंतीवरच्या भेगा मोजाव्यात तसे. मग:

पहिली आली. तिने माफ केले. दुसरी आली. ती गुणगुणते. तिनेही माफ केले. तिसरी आली. ती रडते. चौथी आली. ही मोजते. मी

‘मी’नंतर मोकळी जागा होती. त्यापुढे आज सकाळचे आठ बाइट. त्यातले पहिले सहा मिळून दोन अक्षरे होत होती: उठ. उरलेले दोन अजून अर्धवट होते, २२४ आणि १६४.

५

खोलीत यंत्राच्या पंख्याचा आवाज होता, रोजचाच. पण आवाज रोजचा आहे हे मुद्दाम ऐकावे लागले, की तो रोजचा राहत नाही. ती मान न वळवता बसून राहिली आणि शक्यता मांडू लागली. आधी काम केलेल्या कोणी बाईने ही थट्टा रचून ठेवली असेल. पण मग आजचे आठ बाइट कुठून आले? अक्का बाहेरून हे करत असतील. पण अकरा वर्षांपूर्वी अक्का ह्या विभागात नव्हत्या. तार खराब असेल. पण खराब तार शब्द लिहीत नाही.

तिने बटण दाबले. आवाज होईल तेवढा सपाट ठेवला.

“अक्का, माझ्या आधी इथे तिघी होत्या ना?”

“हो. का गं?”

“तिसरी रडायची का?”

डबीत अक्कांचा आवाज खाली आला. “तुला कोणी सांगितलं? मला एकटीलाच ठाऊक होतं ते. बटण दाबलेलं राहायचं बिचारीचं. मी कोणाकडे बोलले नाही हो.”

“आणि दुसरी गुणगुणायची.”

“अगं, तू काय पत्रिका मांडून बसलीयस का?” अक्का हसायला गेल्या आणि अर्ध्यात थांबल्या. “बरी आहेस ना? पोटात काही गेलंय का सकाळपासून?”

“बाकीच्या फायली दुसऱ्या यंत्रावरून द्याल? आणि पाठवण्यापूर्वी तुमच्याकडे एकदा उलटवून, मोजून बघा.”

“बघते. तू डबा खा आधी.”

अक्कांनी ते मन लावून केले. दुसऱ्या यंत्रावर नववी फाइल बांधली, तिथल्या तिथे उकलून पाहिली, बाइट न बाइट जुळला. मग आत सोडली. तिच्याकडे एक जास्त आला, १६४. ‘त’ पूर्ण झाला. दहावीतून २२४ आला. अकरावीतून १६५. दर वेळी तिने ‘जुळले’ लिहिले. न लिहून चालणार नव्हते. न जुळलेली फाइल म्हणजे चौकशी, आणि चौकशी साहेबांखेरीज कोणी करू शकत नसे.

तीन वाजून पाच मिनिटांनी तिने डबीवरून सुभेदाराला हाक मारली.

“सुभेदार, मला बाहेर काढा. यादी राहू दे. उद्या लेखी खुलासा देते.”

“उकलनीस बाई, मी काढलं असतं हो. पण चावी साहेबांच्या कपाटात आणि साहेब मुख्य कचेरीत. उद्या दहाला येणार. जळलं-बिळलं तर आपसूक उघडतं दार, पण तशी पाळी कशाला आणता?” तो आपल्याच विनोदावर हसला. “एकच फाइल राहिलीय ना? उरका आणि जा की. तुमच्या बहिणीचा दोनदा फोन येऊन गेला.”

“काय म्हणाली?”

“ताई निघाली का, म्हणाली. रडवेली वाटली पोर.”

६

बारावी फाइल तीन वाजून अठरा मिनिटांनी आली. तिने कमांड दिली. पडद्यावर दोन आकडे उमटले, फरक एक. आलेला बाइट अजून कापला गेला नव्हता. ‘जुळले’ लिहिल्यावरच तो ‘उरलेले’मध्ये पडे.

तिने तो आधीच पाहिला. १३५. म्हणजे मात्रा.

मी उठते.

एवढेच. धमकी नाही, विनवणी नाही. अकरा वर्षे बाइटामागून बाइट जोडून कोणी हे एवढेच सांगावे, ह्याचा तिला सर्वांत जास्त धसका बसला. मागणी केली असती तर नाकारता आली असती. इथे तिला काही विचारलेलेच नव्हते. जे व्हायचे आहे ते कळवले होते, आणि ते व्हायला तिचा एक शब्द कमी होता.

तिने आपल्या परीने सगळे करून पाहिले. शेवटचा बाइट हाताने कापून फाइल पुन्हा बांधली आणि पुन्हा उकलली, एक जास्त. फाइल पुसून अक्कांकडून परत मागवली, एक जास्त. खोटाच बाइट भरून १३५ च्या जागी साधा दहा टाकला. पडद्याने तो घेतला, आणि तिच्या डोळ्यांदेखत, सावकाश, पुन्हा १३५ दाखवला. कोणी रागावले नव्हते. एखाद्या मुलाच्या हातून पेन्सिल काढून घ्यावी तसे ते शांतपणे झाले.

तीन चौतीस.

ती ‘जुळले नाही’ लिहू शकत होती. मग दार उद्या दहापर्यंत बंद राहिले असते, आणि ह्या खोलीत आपल्याबरोबर जे होते त्याच्यासोबत तिला तेवढे तास काढावे लागले असते. तेही तिने काढले असते, असे तिला प्रामाणिकपणे वाटले. पण वडिलांना आज आत नेले नाही तर पुढचा आठवडा ते पाहतील ह्याची हमी डॉक्टर देत नव्हते. खुर्चीवर बसून भ्रमांची यादी करणारी मुलगी, आणि तिकडे कोरा राहिलेला कागद. तिने स्वतःला बजावले की माझ्यासमोर आकडे आहेत, एवढेच सिद्ध आहे. बाकी सारे अनुमान आहे. अनुमानापायी माणूस मरू द्यायचा नसतो.

तिने ‘जुळले’ लिहिले आणि एंटर दाबला.

घंटा वाजली. खिटी सुटल्याचा खट् आवाज झाला. आणि पाठीमागे, कपाटाच्या बोळकांडीत, फरशीवर खुर्ची मागे सरकली.

तिला उठायचे होते. दार चार पावलांवर होते आणि आता उघडे होते. पण पायांनी ऐकले नाही. मांड्या खुर्चीला जखडल्यासारख्या जड झाल्या होत्या, जणू ती फार दिवसांपासून तिथेच बसलेली होती. तिच्या उजव्या खांद्यापाशी हवा हलली. तिने, ज्याची तिला नंतर लाज वाटली, डोळे घट्ट मिटून घेतले. पावले जवळून गेली. अनवाणी, आणि एकसारखी नव्हेत. पाऊल टाकायचे कसे हे आठवत आठवत टाकलेली.

तिने डोळे उघडले तेव्हा दार मिटत आले होते. दाराच्या जाड काचेतून तिला बाहेरच्या उजेडाच्या पट्टीत एक पाठ दिसली. एक हात भिंतीला टेकलेला. केस तिच्यासारखेच मागे बांधलेले, आणि बांधलेली गाठ तिच्याच हातची. ती पाठ पेटीपाशी थांबली. घड्याळ मनगटावर चढवायला तिला वेळ लागला. मग ती काचेच्या चौकटीबाहेर गेली.

दार बसले. वरचा आकडा शून्य झाला. दिवे विझले.

७

तिला आता उभे राहता आले. तिने दार ढकलले, मग मुठींनी बडवले. त्या दाराची जाडी तिला माहीत होती. ती स्वतःच एकदा म्हणाली होती, आतून तोफ डागली तरी सुभेदाराची झोप मोडणार नाही. डबीचे बटण दाबले. ते मेले होते. खोलीत माणूस नसताना आतल्या बाजूला वीज नसे. बाहेरची बाजू मात्र चालू होती, कारण सुभेदाराचा कोपर नेहमीप्रमाणे त्याच्या बटणावर टेकला होता. म्हणून तिला सगळे ऐकू येत होते.

“गेल्या एकदाच्या,” तो म्हणत होता.

“काही बोलली का?” अक्कांचा आवाज. त्या निघताना त्याच्या टेबलापाशी टेकत.

“नाही. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. चप्पल हातात घेऊन चालल्या होत्या.”

“घाईत असेल पोर. जीव टांगणीला लागलाय तिचा.”

“अक्का!” ती ओरडली. “अक्का, मी इथेच आहे!” काळोखात आवाज भिंतींनी शोषून घेतला. काचेतून बाहेरच्या दिव्याचा एक चौकोन फरशीवर पडला होता. त्याच्या कडेला, कपाटाच्या मागून थोडीशी पुढे आलेली, एका खुर्चीची पाठ दिसत होती. ती तिकडे गेली नाही. दाराला कान लावून, डबीखाली उकिडवी बसली.

अक्का गेल्या. सुभेदाराने चहा मागवला, वर्तमानपत्र चाळले, कोणाशी तरी पावसाबद्दल बोलला. किती वेळ गेला हे मोजायला तिच्याकडे काही नव्हते, तरी ती मोजत राहिली. दोन हजार आठशेच्या पुढे कधीतरी टेबलावरचा फोन वाजला.

“बोला. हां, हां, धाकटी ताई ना? … पोचल्या? बरं झालं! … झाली सही? वा, वा.”

तिने डोके दाराला टेकवले. पहिल्यांदा तिला जे वाटले ते सुटकेचेच होते, हे तिने स्वतःपासून लपवले नाही. सही झाली. बाबांना आत नेतील. कोणी का केली असेना, कागद कोरा राहिला नाही.

“अहो, मग रडताय कशाला? … कोण म्हणाले? बाबा?” सुभेदार थोडा वेळ ऐकत राहिला. “ताईला बघून? … ‘ही कोण’ म्हणाले? … हात धरू देईनात? … अहो, गुंगीचं औषध दिलं असेल ना, ह्यांना काय कळतंय त्यात! माझे सासरे तर मलाच भूत म्हणाले होते.” तो हसला, मग आवाज मवाळ करून म्हणाला, “तसं काही मनात आणू नका. ताई बसलीय ना त्यांच्याजवळ? मग झालं तर. तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा, ताई बघेल त्यांच्याकडे.”

“नको,” ती दाराच्या फटीत तोंड घालून म्हणाली. “बाहेर जाऊ नकोस. त्यांना एकटं सोडू नकोस. ऐकतेयस ना? बाबांना एकटं सोडू नकोस!”

“बरं, ठेवतो,” सुभेदार म्हणाला. त्याने फोन ठेवला, खुर्ची मागे सारली, आणि उठताना त्याचा कोपर बटणावरून निघाला.